साडेतीन हजारांची परीक्षा आणि पन्नास रुपयांची

पत्र:

ताई, नमस्कार. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. वय बेचाळीस, शिक्षण नववी. आमचं गाव पंढरपूर तालुक्यात. अंगणवाडी वाडीवर आहे, घरापासून चार किलोमीटर. दिवाळीनंतर बचत गटाचं कर्ज काढून माझ्या नावावर स्कूटी घेतली. सध्या मुलगा सोडतो आणि आणायला येतो. तो बारावीला आहे, सतरा पूर्ण झालीत. मला गाडी चालवता येते, पण लायसन नाही. गावातल्या सेवा केंद्रात कच्च्या लायसनचा अर्ज भरला, दोनशे रुपये फी गेली. वय चाळीसच्या पुढे म्हणून डॉक्टरांचा दाखला लागला, तो त्यांनी काही न तपासताच दिला. मग मोबाइलवर परीक्षा दिली. पंधरात सात आले. प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपायचा, अक्षरं सरकल्यासारखी वाटायची. मुलगा हसला. आता तालुक्याच्या गावचा एक एजंट म्हणतो, साडेतीन हजार द्या, कच्चं-पक्कं दोन्ही काढून देतो. तुम्ही नुसतं कॅमेऱ्यासमोर बसा, उत्तरं मी दाबतो. साडेतीन हजार म्हणजे माझं जवळजवळ अर्ध्या महिन्याचं मानधन. पण स्वतः दिली आणि पुन्हा नापास झाले तर पुन्हा पैसे, पुन्हा लाज. द्यावेत का पैसे?

उत्तर:

ताई, देऊ नका.

का देऊ नका ते सांगते, पण आधी हिशेब करू. तुमच्या पत्रात पैशाची काळजी पहिली आहे आणि ती रास्त आहे. कर्जाचा हप्ता चालू असताना साडेतीन हजार ही साधी रक्कम नव्हे.

तुम्ही भरलेल्या दोनशे रुपयांत दीडशे शिकाऊ परवान्याचे आहेत, तेही एका प्रकारच्या गाडीचे, आणि पन्नास परीक्षेचे. हे दर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत छापलेले आहेत, २०१६ च्या डिसेंबरअखेर ते ठरले. नापास झालात म्हणून दीडशे बुडत नाहीत. अर्ज तोच राहतो, अर्ज क्रमांक तोच राहतो. पुन्हा परीक्षेला बसायचे फक्त पन्नास रुपये. आणखी एकदा नापास झालात तर आणखी पन्नास. समजा, वाईटात वाईट म्हणजे एकूण तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालात, तरी पहिल्यापासूनचे सगळे मिळून साडेतीनशे होतात. एजंट मागतोय त्याचा दहावा हिस्सा.

पुढे पक्क्या परवान्याचं. गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेचे तीनशे, परवान्याचे दोनशे, स्मार्ट कार्डाचे दोनशे. वर टपालाचा किरकोळ खर्च, कारण कार्ड आता टपालाने घरी येतं. म्हणजे सातशे-पावणेआठशे. कच्चं आणि पक्कं धरून सरकारदरबारी तुमचं काम हजाराच्या आसपास होतं आणि त्यातले दोनशे तुम्ही भरून झालेत. साडेतीन हजारांतून हे वजा केलं की जे अडीच हजारांहून जास्त उरतात, ते एजंट पंधरा उत्तरं दाबायचे घेणार आहे.

एक फरक मात्र करा. सेवा केंद्रातल्या मुलाने अर्ज भरून दिला, कागद चढवले, त्याचे तो काही रुपये घेत असेल तर ती त्याची मजुरी आहे, खुशाल द्या. सगळ्यांना ते संकेतस्थळ जमत नाही आणि त्यात कमीपणा नाही. पण अर्ज भरून देणं हे एक काम आहे आणि तुमच्या जागी परीक्षा देणं हे दुसरं. पहिल्याची पावती मिळते, दुसऱ्याची कोणी देणार नाही. पैसे भराल तेव्हा सरकारी पावती मागून घ्या. तिच्यावर प्रत्येक रुपया कशाचा ते लिहिलेलं असतं. त्यात गाडीचा प्रकारही बघा. तुमची स्कूटी विनागिअरची आहे. प्रकार वाढला की दीडशे वाढतात, आणि मोटारीचा परवाना आत्ता काढून तुम्हाला उपयोग नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘अक्षरं सरकल्यासारखी वाटायची.’

ताई, तुम्ही नापास का झालात, याचं उत्तर त्या वाक्यात आहे असं मला वाटतं. तुमचं वय बेचाळीस. या वयात जवळचं धूसर दिसायला लागतं, म्हणून तर त्या चष्म्याला आपल्याकडे चाळिशीच म्हणतात. सुईत दोरा ओवताना हात लांब करावा लागतो का? पोषण आहाराच्या पाकिटावरची तारीख वाचायला ते उजेडात धरता का? तसं असेल तर मोबाइलच्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावर, सेकंद मोजत असताना चार ओळींचा प्रश्न आणि त्याखालचे पर्याय तुम्ही कसे वाचणार होतात? तरीही पंधरातले सात बरोबर आले. पास व्हायला नऊ लागतात. तुम्ही दोन प्रश्नांनी मागे राहिलात, आणि मला खात्री वाटते की ते दोन प्रश्न तुमच्या अज्ञानामुळे गेलेले नाहीत.

चाळीस ओलांडलेल्यांकडून डॉक्टरांचा दाखला घेतात तो यासाठीच, की नजर, ऐकणं, हातपाय नीट आहेत का ते कोणीतरी बघावं. तुमच्या डॉक्टरांनी न बघता सही केली आणि त्याची किंमत तुम्ही पन्नास रुपये आणि घरातली लाज अशी मोजलीत. म्हणून पहिलं काम नजर तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा आरोग्य शिबिरात हे होतं. वाचायचा चष्मा लागला तर तो आधी घ्या. एजंटच्या पैशाचा अगदी लहानसा भाग त्यात जाईल आणि तो चष्मा मुलांची वजनं नोंदवतानाही कामी येईल. लांबचंही तपासायला सांगा, कारण रस्त्यावर लांबची नजर लागते. लांबचा नंबर निघाला तर तो चष्मा लावूनच गाडी चालवायची.

दुसरं, पुढची परीक्षा मोबाइलवर देऊ नका. सेवा केंद्रातल्या संगणकावर द्या, किंवा ज्या मैत्रिणीकडे कॅमेऱ्याचा लॅपटॉप असेल तिच्याकडे. मोठ्या पडद्यावर तोच प्रश्न दोन नजरेत वाचून होतो. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या आधारे शिकाऊ परवान्याची ही परीक्षा घरबसल्या देता येते. तुमच्यासारख्या, रजा काढली की हिशेबाला लागणाऱ्या बाईसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण घरबसल्या म्हणजे मोबाइलवरच असं नाही. आणि संगणकाची धास्ती वाटत असेल तर परिवहन कार्यालयात वेळ घेऊन तिथे परीक्षा देण्याचा रस्ताही आहे.

नववीच्या शिक्षणाबद्दल तुम्ही संकोचून लिहिलंय, तो संकोच सोडा. दुचाकीच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही. परीक्षा मराठीतून देता येते, भाषा निवडताना मराठी निवडलीय ना ते फक्त बघा. अडचण एवढीच की तिथली मराठी पुस्तकी आहे. पादचारी, अग्रक्रम, दुभाजक, अनारक्षित रेल्वे फाटक असले शब्द येतात. पादचारी म्हणजे पायी चालणारा. अग्रक्रम म्हणजे आधी कोणी जायचं. दुभाजक म्हणजे रस्त्याच्या मधला कठडा. अनारक्षित फाटक म्हणजे जिथे फाटकवाला नाही ते. हे शब्द एकदा ओळखीचे झाले की आतला प्रश्न तुमच्या रोजच्या रस्त्यावरचाच निघतो.

बघा ना. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी माणसाने कोणत्या बाजूने चालावं, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारं वाहन त्याला दिसतं. तुमच्या तालुक्यात आषाढीला रस्ते माणसांनी भरून वाहतात, हा प्रश्न तुमच्याइतका कोणाला कळेल? अरुंद पुलावर समोरून वाहन आधीच शिरलं असेल तर ते पार होईपर्यंत थांबायचं. ओव्हरटेक उजवीकडून करायचं. डावीकडून फक्त तेव्हाच, जेव्हा पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिलाय. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे तुम्ही रोज अडकणार. त्या वेळी हा नियम तुमच्या जिवाशी बांधलेला असेल. अपघातात कोणी जखमी झालं तर त्याला दवाखान्यात न्यायचं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. फाटकवाला नसलेल्या रेल्वे फाटकावर गाडी बाजूला थांबवून, उतरून, रुळापर्यंत जाऊन दोन्हीकडे बघायचं. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटकं २०१९ च्या सुरुवातीला संपली, तरी हा प्रश्न पाठ ठेवा, कारण नियमांत तो या परीक्षेचा एक विषय म्हणून नावानिशी लिहिलेला आहे.

चिन्हांचं तर आकारावरून निम्मं काम होतं. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो: पुढे वळण आहे, शाळा आहे, गतिरोधक आहे. गोल म्हणजे हुकूम. त्यात लाल कडेचा गोल बहुतेक वेळा मनाई सांगतो आणि निळा गोल सक्ती. निळा चौकोन माहिती देतो, म्हणजे दवाखाना, पेट्रोल पंप. आठ कोनांचा लाल फलक म्हणजे थांबा. आणि टोक खाली असलेला उलटा त्रिकोण म्हणजे ‘रस्ता द्या’: मोठ्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्या, मग तुम्ही शिरा.

या उलट्या त्रिकोणाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय.

२००६ साली मी एका एजंटकडून परवाना काढला. एकतीस वर्षांची होते, नोकरी होती, पैसे होते, वेळ नव्हता. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि फुल्या दाखवल्या तिथे मी सह्या केल्या. त्या गठ्ठ्यात माझी प्रश्नपत्रिकाही होती. उत्तरांच्या खुणा आधीच झालेल्या होत्या. मी ती वाचलीसुद्धा नाही. आठ महिन्यांनी, सकाळच्या वेळी मी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर शिरले. कोपऱ्यावर तो उलटा त्रिकोण होता. रोज बघत होते आणि रोज मला वाटायचं की कामगारांनी तो चुकून उलटा बसवलाय. त्या दिवशी डावी-उजवी न बघता मी वळले आणि उजवीकडून येणाऱ्या सायकलवाल्या मुलाला माझ्या गाडीची धडक बसली. तो क्लासला चालला होता. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

मी दवाखान्याचा खर्च दिला. त्याच्या आईवडिलांनी मला एक वाईट शब्द वापरला नाही, त्याचा मला आजही जास्त त्रास होतो. त्या मुलाला बोर्डाकडून लेखनिक घ्यावा लागला. तो सांगायचा आणि खालच्या वर्गातला एक मुलगा लिहायचा. भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी शाळेबाहेर उभी होते. वर्षभर अभ्यास केलेल्या त्या पोराचा पेपर दुसऱ्याच्या हाताने लिहिला जात होता.

म्हणून, ताई, ‘उत्तरं मी दाबतो’ हे शब्द तुमच्या पत्रात वाचल्यावर मला गप्प बसवेना. तुमच्या वाटेवर वाडी आहे, शाळा आहे, रस्त्यावर खेळणारी तुमचीच अंगणवाडीची पोरं आहेत.

एजंटच्या बाजूने आणखी दोन धोके आहेत. एक म्हणजे तुमचं आधार आणि ओटीपी त्याच्या हातात जातात. परीक्षेत कॅमेऱ्यातला चेहरा आधारवरच्या फोटोशी जुळवतात, म्हणूनच तो तुम्हाला समोर बसा म्हणतोय. त्याला तुमचा चेहरा आणि तुमचा ओटीपी हवा आहे, आणि उद्या काही उघड झालं तर अर्ज, चेहरा, सही सगळं तुमचं आहे, त्याचं नाव कुठेच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली फसवणुकीने मिळवलेला परवाना रद्द करता येतो आणि माणसाला परवाना धरण्यास अपात्र ठरवता येतं. मानधनावर काम करणाऱ्या बाईने अशा कागदावर स्वतःचं नाव का अडकवून घ्यावं? पैसे भरताना संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतोय ना ते बघा, आणि परिवहन खात्याच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कुठलंही अ‍ॅप उघडू नका.

दुसरा धोका विम्याचा. स्कूटी तुमच्या नावावर आहे. तिच्या विम्यात मालकाचा स्वतःचा अपघात विमा असेल तर तो पंधरा लाखांचा असतो. पॉलिसी काढून एकदा बघा, तो हप्ता भरलाय का. पण तो मिळायला चालवणाऱ्या मालकाकडे वैध परवाना लागतो. परवान्याशिवाय चालवताना तुम्हाला काही झालं तर घरच्यांच्या हाती त्यातलं काही पडेल असं धरू नका. आणि तुमच्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. शिकाऊ परवाना हाही कायद्याने परवानाच आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विम्याच्या एका मोठ्या निकालात तसं म्हटलंय. म्हणजे तो पन्नास रुपयांचा कागद हातात आल्या दिवसापासून तुमची बाजू बदलते. त्याच्याशिवाय पकडलं तर दंड पाच हजार आहे.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगितलंच पाहिजे. तुमचा मुलगा.

तो सतरा वर्षांचा आहे आणि तुमची स्कूटी रोज चालवतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो असं त्याने कुठे ऐकलं असेल, पण तो पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा. आजकालच्या स्कूट्या त्याच्या दुप्पट असतात. त्याला अठरा पूर्ण व्हायला हवीत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. पालक तुम्हीच आणि मालकही तुम्हीच. बारावीनंतर त्याला नोकरी धरायची असेल, कुठे डिलिव्हरीचं काम करायचं असेल, तर पंचविशीपर्यंत परवाना नसणं म्हणजे किती दारं बंद होतील ते त्याला समजावून सांगा. आजपासून त्याच्याकडून किल्ली काढून घ्या. तुम्हाला परवाना मिळेपर्यंत पुन्हा चालावं लागेल, हे मला कळतं. कोणा परवानाधारक शेजाऱ्याबरोबर जाता येतं का ते बघा. हे मी सहज लिहीत नाहीये. रोजचे आठ किलोमीटर पायी म्हणजे काय, ते तुमच्या पायांना माहीत आहे.

मुलगा हसला ते तुम्हाला लागलंय. त्याला एक काम द्या. रात्री जेवणं झाली की त्याने वीस प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि तुम्ही उत्तरं द्यायची. परिवहनच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर सरावाची परीक्षा फुकट आहे. ऐकून उत्तर देताना नजर आड येत नाही, त्यामुळे तुम्हाला किती येतं हे त्यालाही दिसेल आणि तुम्हालाही. वर्षभरात त्यालाही याच परीक्षेला बसायचंय. आठ-दहा दिवस हे केलंत की मग चष्मा लावून संगणकावर सराव करा, तेव्हा हाताला वेग येईल. सलग तीनदा पंधरात बाराच्या वर आले की पन्नास रुपये भरा. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पूर्ण दाखवतात, ती कंटाळून पुढे ढकलू नका, तिच्यातलंच बरंच काही विचारतात. चेहऱ्यावर उजेड पडेल अशा जागी बसा, आणि त्या वेळी मुलालाही खोलीबाहेर पाठवा. कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसता कामा नये.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवस झाले की पक्क्यासाठी अर्ज करता येतो. त्या एका दिवसाची रजा मात्र लागेल, कारण गाडी चालवून दाखवायला जावंच लागतं. परिवहन कार्यालयाचे तालुक्याच्या गावी शिबिराचे दिवस ठरलेले असतात, त्यातली तारीख मिळाली तर लांबचा हेलपाटा वाचतो. कार्यालयात चौकशीलाच जायचं असेल तर एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहेच. आठचा आकडा पाय न टेकता काढायचा सराव गावच्या मैदानात करा, हळू वेगात. वेगात सगळ्यांना जमतं, हळू जाताना तोल जातो. तिथे चुकलात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा चुकलात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, म्हणून घाई करून तारीख घेऊ नका.

मधल्या महिन्यात शिकाऊ परवान्यावर एकटीने वाडीवर जायचं नाही. मागे पक्का परवाना असलेलं माणूस बसलेलं हवं, दुसरं कोणी नाही, अंगणवाडीचं एखादं लेकरूसुद्धा नाही. मुलगा त्यासाठी चालणार नाही, कारण त्याच्याकडेच परवाना नाही. तुमच्या बचत गटात एखादी तरी असेल, किंवा शेजारच्या गावची आशाताई. तिला विचारा, आठवड्यातून तीन दिवस सकाळी माझ्यामागे बसून येशील का म्हणून. अशी मदत बायका एकमेकींना करतात, मी खूपदा पाहिलंय. हेल्मेट दोघींनाही लागेल.

आणि ‘एल’चा फलक विकत घेऊ नका. अंगणवाडीत पांढरा पुठ्ठा आणि लाल रंग असतोच. अठरा सेंटिमीटरचा चौकोन कापा, त्यावर लाल ‘एल’ रंगवा, दहा सेंटिमीटर उंचीचा. असे दोन करा, एक पुढे लावा, एक मागे.